तारा तोडल्या तरी चालणारा डबा

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एक चक्कर मारली, की रेडिऑनिक्सचा, म्हणजे दुरूनच रोग ओळखण्याचा आणि बरा करण्याचा दावा करणारा, डबा बनवायला लागणारे सगळे सामान पिशवीत जमा होते. प्लास्टिकचा एक काळा डबा, तीनपासून नऊपर्यंत कितीही पोटेन्शिओमीटर (जुन्या रेडिओचा आवाज लहान-मोठा करताना आपण जे फिरवायचो तेच हे), त्यांच्यावर बसवायला आकडे छापलेल्या तबकड्या, थोडी तांब्याची तार, नमुना ठेवायला धातूची एक उथळ वाटी आणि बोट घासायला रबराची किंवा प्लास्टिकची पातळ चकती. जोडणी शाळकरी पोरालाही जमेल. वाटीपासून निघालेली तार एकामागून एक पोटेन्शिओमीटरमधून जाते आणि चकतीखालच्या तांब्याच्या पत्र्याला मिळते. संपले. बॅटरी नाही, ट्रान्झिस्टर नाही, परत येणारी तारही नाही.

वापरायची रीत अशी. वाटीत रक्ताचा थेंब टिपलेला कागद, केस, झाडाचे पान किंवा नुसता फोटो ठेवायचा. प्रश्न मनात धरायचा. एका हाताने तबकडी सावकाश फिरवायची आणि दुसऱ्या हाताचे बोट चकतीवर घासत राहायचे. कुठल्यातरी आकड्यावर बोट अडते, चिकटल्यासारखे होते. सगळ्या तबकड्यांवर असे अडण्याचे आकडे मिळाले, की तो झाला त्या वस्तूचा किंवा त्या रोगाचा ‘रेट’. असे हजारो रेट छापलेली पुस्तके आहेत. उपचार तर आणखी सोपा: बरे करणारा रेट लावायचा आणि डबा तसाच ठेवून द्यायचा. रोगी शेजारच्या खोलीत असो की सातासमुद्रापलीकडे, फरक पडत नाही म्हणतात.

विजेच्या हिशेबाने या डब्यात काहीच घडत नाही. पोटेन्शिओमीटर प्रवाहाला विरोध करतो आणि तो विरोध ओहममध्ये मोजतात. पण विरोध करायला आधी प्रवाह हवा. इथे वर्तुळ पूर्णच होत नाही, मग तबकडी दहावर असो की नव्वदवर, वीज त्याची दखल घेत नाही. तरीही बोट अडते. बनवून पाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा अनुभव येतो आणि तो खोटा नसतो. ही युक्ती शंभर वर्षे टिकली ती याच एका खऱ्या अनुभवाच्या जोरावर. तिला नुसती हसून सोडून देणारे, माझ्या मते, तिच्यातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग गमावतात.

सुरुवात सॅन फ्रान्सिस्कोत झाली. अल्बर्ट एब्रम्स (१८६३–१९२४) हा काही रस्त्यावरचा वैदू नव्हता. हायडेलबर्गची वैद्यकीय पदवी, कूपर मेडिकल कॉलेजात विकृतिशास्त्राचे प्राध्यापकपद, असा त्याचा लौकिक होता. छातीवर-पोटावर बोटांनी ठोकून आतल्या पोकळीचा अंदाज घेणे हे त्या काळच्या डॉक्टरांचे रोजचे कसब. एब्रम्सने ते नको तितके ताणले. प्रत्येक रोगाची आपली अशी कंपने असतात आणि ती रक्ताच्या वाळलेल्या थेंबातूनही बाहेर पडतात, असा सिद्धान्त त्याने १९१६ पासून पुस्तकांतून मांडला. त्यासाठी ‘डायनामायझर’ नावाची पेटी केली. पेटीत रक्ताचा कागद ठेवायचा, तिची तार एका धडधाकट माणसाच्या कपाळाला लावायची, त्याला मंद उजेडात पश्चिमेकडे तोंड करून उघड्या अंगाने उभे करायचे आणि त्याच्या पोटावर ठोकत जायचे. जिथे आवाज बोदा येईल तिथून रोग ओळखायचा. रोगी एका गावात, पोट दुसऱ्याच माणसाचे.

कंपने मोजायला एब्रम्सने एकक निवडले ओहम. कंपन म्हणजे सेकंदाला किती वेळा, आणि ओहम म्हणजे प्रवाहाला किती विरोध. अंतर किलोग्रॅममध्ये सांगावे तसा हा प्रकार. पण १९२० च्या आसपास रेडिओ नुकताच घराघरांत शिरत होता. हवेतून अदृश्य लहरी येतात आणि तबकडी फिरवली की त्यातली नेमकी एक पकडता येते, हे लोक स्वतःच्या कानांनी ऐकत होते. लहरी बातम्या आणतात तर रोगाची खबर का आणणार नाहीत? प्रश्न वेडगळ नव्हता. त्याचे उत्तर तपासायची तसदी न घेणे हा वेडेपणा होता. ‘द जंगल’ लिहून शिकागोच्या कत्तलखान्यांचे वाभाडे काढणारा अप्टन सिंक्लेअरसारखा चिकित्सक लेखक एब्रम्सच्या दवाखान्यात गेला आणि १९२२ मध्ये त्याची वाखाणणी करणारा लेख लिहून मोकळा झाला.

पुढे तर रक्ताचीही गरज राहिली नाही. हस्ताक्षर पुरू लागले. सॅम्युअल जॉन्सन आणि एडगर ॲलन पो या केव्हाच मेलेल्या लेखकांच्या सह्यांवरून एब्रम्सने त्यांना उपदंश होता असे निदान केले. उपचारासाठी ‘ऑसिलोक्लास्ट’ नावाचे दुसरे यंत्र होते. ते विकत मिळत नसे, भाड्याने मिळे, आणि भाडेकरूला लिहून द्यावे लागे की पेटी उघडणार नाही. एखादे यंत्र उघडायला बंदी असेल तर त्यात काय आहे याचा अर्धा अंदाज तिथेच येतो. पुढे ती उघडली गेली, तेव्हा आत ओहममापक, रिओस्टॅट, कंडेन्सर असे सुटे भाग कशाचा कशाला मेळ नसलेल्या तारांनी जोडलेले निघाले.

अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ‘मिस बेल’ नावाच्या रोग्याचे रक्त एब्रम्सच्या पद्धतीच्या तपासणीला पाठवले. अहवालात कर्करोग निघाला आणि डाव्या गर्भनलिकेत जंतुसंसर्गही. मिस बेल म्हणजे एक ठणठणीत गिनी पिग होता, आणि तोही नर.

हा किस्सा चवीने सांगितला जातो. पण माझ्या लेखी जास्त मोलाची आहे ती ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकाने १९२३–२४ मध्ये केलेली चौकशी, कारण तिच्यात समोरच्याला फसवायचे नव्हते. एब्रम्सकडे शिकलेल्या, मासिकाने ‘डॉक्टर एक्स’ असे टोपणनाव दिलेल्या एका डॉक्टरला जंतूंच्या सहा कुप्या दिल्या आणि कोणत्या कुपीत कोणते जंतू ते ओळखायला सांगितले. सहाही चुकल्या. डॉक्टरची तक्रार आली की कुप्यांवरच्या चिठ्ठ्या लाल शाईने लिहिल्या होत्या, त्या रंगाची कंपने मध्ये आली. मासिकाने वाद घातला नाही, चिठ्ठ्या बदलून दिल्या. पुन्हा चुकल्या. चाचणीनंतर सुचणारी सबब ही फार जुनी जात आहे. म्हणूनच शाईपासून दिशेपर्यंत सगळ्या अटी आधीच विचारून घ्याव्या लागतात.

जानेवारी १९२४ मध्ये, चौकशी चालू असतानाच, एब्रम्स न्यूमोनियाने वारला. धंदा मात्र त्याच्यामागे टिकला. लॉस एंजेलिसमध्ये रूथ ड्राउन या कायरोप्रॅक्टर बाईंनी पोटावर ठोकायची भानगड काढून टाकली आणि रबराच्या चकतीवर बोट घासायची रीत रूढ केली. आजच्या घरगुती डब्याचे रूप त्यांच्याच यंत्रांजवळचे. १९५० च्या सुमारास शिकागो विद्यापीठात त्यांच्या पद्धतीची चाचणी झाली. दहा नमुने ठरले होते. पहिल्या तिनांतच निदाने इतकी भरकटली की पुढचे करण्यात अर्थ राहिला नाही. १९५१ मध्ये खोट्या दाव्यांचे यंत्र राज्याबाहेर पाठवल्याबद्दल त्यांना एक हजार डॉलर दंड झाला, तरी त्या थांबल्या नाहीत. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या जॉर्ज दे ला वारने असेच काळे डबे विकले. १९६० मध्ये एका गिऱ्हाईक बाईने त्याच्यावर फसवणुकीचा खटला भरला आणि ती हरली. दे ला वारचा स्वतःच्या यंत्रावर प्रामाणिक विश्वास आहे, असे न्यायाधीशांचे मत पडले. यंत्र चालते असे काही न्यायालयाने म्हटले नाही. यंत्रामागे लबाड माणूस असलाच पाहिजे असे नाही, एवढे मात्र या निकालातून दिसते.

या पंथात आपल्याकडची माणसेही दिसतात. मुंबईत १८७३ मध्ये जन्मलेले पारशी गृहस्थ दिनशा घडियाली अमेरिकेत गेले आणि तिथे ‘स्पेक्ट्रो-क्रोम’ नावाचा रंगीत काचांचा दिवा रोग बरे करायला विकू लागले. १९४७ मध्ये त्यांना वीस हजार डॉलर दंड झाला. दुसरे नाव जास्त चटका लावणारे आहे. सयाजीरावांच्या बडोद्यातील ओरिएंटल इन्स्टिट्यूटचे संचालक बिनयतोष भट्टाचार्य हे बौद्ध तंत्रग्रंथांचे मान्यवर संपादक. उत्तरायुष्यात तेच विद्वान रत्ने फिरवून दूरवरच्या रोग्याच्या फोटोवर किरण सोडण्याच्या उपचारपद्धतीचे पुरस्कर्ते झाले. पाठचिकित्सेत कसलेली बुद्धी प्रयोगचिकित्सेत उपयोगी पडतेच असे नाही.

आता गाभ्याचा भाग. कॅन्सास सिटीचा विद्युत अभियंता गेलन हायरोनिमस याने या डब्याला खरे इलेक्ट्रॉनिक्स दिले. खनिजाच्या नमुन्यातून ‘इलॉप्टिक’ नावाचे, वीज आणि प्रकाश यांच्या मधले काहीतरी बाहेर पडते अशी त्याची कल्पना. नमुन्याशेजारी वेटोळे, मग काचेचा लोलक, लोलकाभोवती तबकडीने फिरणारा काटा, त्यापुढे व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आणि शेवटी बोट घासायची पट्टी. सप्टेंबर १९४९ मध्ये त्याला अमेरिकन पेटंट मिळाले, क्रमांक २४,८२,७७३. हा क्रमांक आजही डबे विकणारे अभिमानाने छापतात. पण पेटंट कार्यालय म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. तिथे अर्ज वाचला जातो, यंत्र वर्षभर वापरून पाहिले जात नाही.

हे पेटंट जॉन कॅम्बेलच्या हाती पडले. ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’चा हा संपादक; आयझॅक आसिमॉव्हसारख्या लेखकांना त्याने घडवले. भौतिकशास्त्राची पदवी होती, हाताने यंत्रे जोडायची हौस होती आणि चाकोरीबाहेरचे काही दिसले की त्यावर झडप घालायची खोडही होती. रॉन हबर्डचे ‘डायनेटिक्स’ हे मनाच्या उपचाराचे तंत्र १९५० मध्ये प्रथम याच्याच मासिकात आले. कॅम्बेलने हायरोनिमसचे यंत्र स्वतः बनवले आणि ते चालले, म्हणजे बोट अडले. मग त्याने एक फार चांगली गोष्ट केली, जी एब्रम्सच्या शिष्यांपैकी कोणाला सुचली नव्हती. त्याने विजेची पिन काढून पाहिले. बोट तरीही अडले. तेव्हा त्याने पुढची मजल मारली: ॲम्प्लिफायर काढून टाकला आणि त्या जागी विद्युत मंडलाची (सर्किटची) नुसती आकृती कागदावर शाईने काढून बसवली. व्हॉल्व्हच्या जागी व्हॉल्व्हचे चिन्ह, तारेच्या जागी रेघ. बोट अडायचे थांबले नाही.

प्रयोगशाळेच्या भाषेत याला नियंत्रण प्रयोग म्हणतात. ज्या भागाला कारण मानले तो काढून टाकायचा आणि परिणाम टिकतो का ते पाहायचे. टिकला, तर तो भाग कारण नव्हता. कॅम्बेलच्या प्रयोगाने स्वच्छ उत्तर दिले होते: मंडलाचा परिणामाशी संबंध नाही. पण १९५६ मध्ये त्याने मासिकात याचा अर्थ लावला तो उलटा. यंत्र नाही तरी चालते, म्हणजे यंत्राच्या आकृतीतच, त्यातल्या नात्यांतच शक्ती असली पाहिजे! आकृतीच्या जागी त्याने कोरा कागद ठेवून पाहायला हवा होता. मग कागदही काढायला हवा होता. तबकडीला काही जोडलेलेच नाही अशी अवस्था आणून, शेवटी तबकडी घासणाऱ्याच्या नजरेआड करायला हवी होती. एकेक पायरी उतरत गेला असता तर सगळ्यात तळाला त्याला एकच वस्तू सापडली असती, त्याचे स्वतःचे बोट.

बोट का अडते याची उत्तरे मात्र कॅम्बेलच्या शंभर वर्षे आधीपासून तयार होती. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल (हा गृहस्थ एकशेदोन वर्षे जगला) याने दोऱ्याला टांगलेला लंबक पाऱ्यावर धरून पाहिला. लंबक झुले, मध्ये काचेची पट्टी सरकवली की मंदावे. पाऱ्यातून काही निघते याचा हा जणू पुरावाच. मग त्याने स्वतःचे डोळे बांधले आणि पट्टी कधी सरकवली, कधी काढली ते साहाय्यकाने सांगितले नाही. लंबकाचे शहाणपण गेले. हालचालीचा नुसता विचार बोटांत नकळत सूक्ष्म हालचाल निर्माण करतो, असा निष्कर्ष त्याने १८३३ मध्ये ॲम्पियरला लिहिलेल्या पत्रात प्रसिद्ध केला. १८५२ मध्ये विल्यम कार्पेंटरने याला ‘आयडिओमोटर’ क्रिया हे नाव दिले. पुढच्याच वर्षी मायकेल फॅरडेने प्रेतात्म्यांच्या बैठकींत फिरणाऱ्या मेजांवर हाच विचार लावला. मेजावर पुठ्ठ्याचे थर एकमेकांवर किंचित सरकतील असे बसवून त्याने पाहिले की मेज हातांना ओढते की हात मेजाला. हात आधी सरकत होते. मग वरच्या थराला एक काटा जोडला. आपण ढकलतो आहोत हे बसणाऱ्यांना काट्यावरून दिसू लागताच मेजे फिरायची थांबली. ती माणसे ढोंगी नव्हती. आपले हात ढकलताहेत हे त्यांना खरोखरच ठाऊक नव्हते.

चकतीच्या बाबतीत त्वचेचाही हातभार लागतो. कोरडे बोट रबरावरून सरकते, किंचित ओलसर बोट अडते. घासत राहिले की बोटाखाली दमटपणा साठतो. शिवाय तळहात आणि बोटांवरचा घाम उष्म्यापेक्षा मनाच्या ताणाला जास्त ऐकतो. खोटे पकडायच्या यंत्रात त्वचेची विद्युतवाहकता मोजतात ती याच कारणाने. ‘आता येणार’ अशी अपेक्षा असलेल्या आकड्याजवळ दाब नकळत वाढतो, घामही वाढू शकतो, आणि मग बोट झटक्याने थांबते.

मराठी वाचकाला हे सगळे परके वाटू नये. हातावर आडवा ठेवलेला नारळ उभा राहिला की तिथे पाणी, असे सांगणारे पाणाडी आपल्याकडे आजही बोअर घ्यायच्या आधी बोलावले जातात. तिथे चकतीच्या जागी नारळ किंवा दुबेळक्याची काठी, एवढाच फरक. बेसॉल्टच्या आपल्या मुलखात झिजलेल्या, भेगाळलेल्या थरांत अनेक ठिकाणी थोडेबहुत पाणी लागतेच. पाणाड्याने ‘इथे नाही’ म्हटलेल्या जागी पडताळ्यासाठी दुसरे बोअर कोणी मारत नाही, त्यामुळे त्याची चूक कधी उघडी पडत नाही. जर्मनीत १९८७–८८ मध्ये म्युनिकजवळ एका गोदामात हा पडताळा घेतला गेला. तळमजल्यावर पाण्याचा नळ इकडून तिकडे हलवायचा, वरच्या मजल्यावरच्या माणसाने जागा सांगायची. सुमारे पाचशे लोकांतून निवडलेल्या ४३ जणांनी मिळून ८४३ प्रयत्न केले. संशोधकांना त्यांत सहा जण विशेष कुशल वाटले. पण त्याच आकड्यांची नंतर फेरतपासणी झाली तेव्हा असे दिसले की एका फेरीत चमकलेला माणूस पुढच्या फेरीत सामान्य ठरत होता. ४३ जण नाणे उडवायला बसवले तरी त्यांत पाच-सहा ‘कुशल’ निघणारच.

इथवर हसण्यावारी नेता येते. इराकमध्ये आले नाही. जेम्स मॅकॉर्मिक या इंग्रजाने ‘एडीई ६५१’ नावाचे बॉम्बशोधक यंत्र इराक सरकारला विकले. प्लास्टिकची मूठ आणि तिच्यावर मोकळी हलणारी अँटेना. कोणता पदार्थ शोधायचा ते एका कार्डाने ठरे, आणि ते कार्ड म्हणे त्या पदार्थासोबत बरणीत ठेवून ‘तयार’ केलेले असे. एब्रम्सच्या रक्ताच्या थेंबाचीच ही कल्पना, फक्त आता ती बगदादच्या नाक्यांवर उभी होती आणि तिच्यासमोरून स्फोटकांनी भरलेल्या गाड्या निघून जात होत्या. उघडल्यावर कार्डात दुकानातल्या मालाला चोरीविरुद्ध लावतात तसली साधी पट्टी निघाली. २०१३ मध्ये लंडनमध्ये मॅकॉर्मिकला दहा वर्षांची शिक्षा झाली. याच जातीच्या ‘जीटी २००’ यंत्राची थायलंड सरकारने २०१० मध्ये चाचणी घेतली. वीसपैकी चारदा ते बरोबर आले.

आपल्याकडे वास्तू तपासायला येणाऱ्या काही सल्लागारांच्या हातात दोन मोकळ्या फिरणाऱ्या सळयांचा ‘ऑरा स्कॅनर’ असतो आणि त्यात नमुन्याची एक कुपी घातलेली असते. कुळी तीच. कर्करोग, मधुमेह अशा ठरावीक रोगांवर चमत्कारी इलाजाच्या जाहिराती करायला १९५४ च्या औषधी व चमत्कारी उपाय कायद्याने मनाई आहे. ‘ऊर्जा’ मोजायला कोणाची मनाई नाही.

तेव्हा डबा घरी बनवायचाच असेल तर जरूर बनवावा, फक्त तो रोग्यापासून आणि २३० व्होल्टच्या प्लगपासून दूर ठेवावा. पोटेन्शिओमीटर मल्टिमीटरवर तपासून घ्या, सोल्डरिंग नीट करा. नंतर सबबीला जागा नको. पहिल्या दिवशी मीठ आणि साखर उघड्या वाटीत ठेवून दोन्हींचे रेट काढा. दर खेपेला रेट जुळतील. घरचे लोक थक्क होतील. या फेरीची किंमत शून्य आहे, कारण बोटाला उत्तर आधीच माहीत आहे. बहुतेक डबेवाले आयुष्यभर याच फेरीत राहतात.

खरी चाचणी अशी. दुसऱ्या खोलीत बसलेला साथीदार वीस सारखी जाड पाकिटे घेतो. प्रत्येकासाठी नाणे उडवतो. छापा आला तर मीठ, काटा आला तर साखर. वजन सारखे, बंद करायची पद्धत सारखी, पाकिटावर फक्त क्रमांक. यादी त्याच्या खिशात. पाकिटे दारात ठेवून तो निघून जातो. तो समोर बसला तर त्याचा चेहरा वाचला जाईल, त्याच्या नकळत आणि तुमच्याही. डबा चालवणाऱ्याने सुरुवातीलाच लिहून द्यायचे की पाकीट, शाई, वेळ, दिशा सगळे त्याला मान्य आहे. नंतर वीस उत्तरे कागदावर लिहून झाल्यावरच यादी उघडायची. वीस म्हणजे वीस. बारा झाल्यावर ‘चांगले चालले आहे, थांबू’ नाही, आणि वीस झाल्यावर ‘आज हवा दमट होती, आणखी पाच घेऊ’ नाही.

नुसत्या अंदाजाने वीसपैकी सरासरी दहा बरोबर येतात. चौदा किंवा अधिक येण्याची शक्यता जवळजवळ सहा टक्के, पंधरा किंवा अधिक येण्याची दोन टक्के. म्हणून पंधराची रेघ आधीच आखून ठेवायची. पण हीच चाचणी वीस घरांत झाली तर निदान एका घरात निव्वळ दैवाने पंधरा किंवा अधिक येण्याची शक्यता चौतीस टक्क्यांपर्यंत जाते, आणि बोलबाला त्या एकाच घराचा होतो. उरलेली एकोणीस घरे गप्प बसतात.

झाडांवर प्रयोग करायची अनेकांना हौस असते, कारण रोपाला कसली अपेक्षा नसते. रोपाला नसते, मोजणाऱ्याला असते. शंभर मूग एका ताटलीत, शंभर दुसरीत. कोणत्या ताटलीचा फोटो डब्यात आहे हे मुळांची लांबी मोजणाऱ्याला ठाऊक नसावे, आणि खिडकीजवळची जागा रोज आलटून-पालटून द्यावी. एवढे सांभाळले की बहुतेक वेळा दोन्ही ताटल्या एकाच चालीने वाढतात.

रेडिऑनिक्सच्या बाजूने दाखवण्यासारखा एक जुना अहवालही आहे, तो दडवायचे कारण नाही. १९२४ मध्ये इंग्लंडमध्ये सर थॉमस हॉर्डर यांच्या समितीने ग्लासगोच्या डॉ. बॉइडचे ‘इमॅनोमीटर’ तपासले. पोटावर ठोकूनच बॉइडने पदार्थांमधला फरक योगायोगाच्या पलीकडे ओळखला, असे समितीला मान्य करावे लागले. रोगनिदानाला आणि उपचाराला मात्र तिने आधार दिला नाही. पंथातले लोक अहवालाचा पहिला भाग सांगतात, टीकाकार दुसरा.

तुमच्या कागदावर सतरा आले, तर काय करायचे? आनंद चहापुरता ठेवून नव्या पाकिटांनी पुन्हा वीस घ्यायचे. पुन्हा सतरा आले, तर आधी गळती शोधायची: साखर पाकिटात खुळखुळते का, मिठाला दमट हवेत ओल सुटते का, साथीदाराने नाणे खरेच उडवले की मनाने मीठ-साखर आलटून-पालटून भरले. तिथे काही मिळाले नाही, तर त्याला डब्याच्या पाठीमागे एक खटका बसवू द्यायचा. वाटीची तार त्याने कधी तोडायची, कधी जोडायची, आणि ते तुम्हाला कळू द्यायचे नाही. तार तुटलेली असतानाही सतराच येत असतील तर मंडल बाद. मग पोटेन्शिओमीटर काढायचे, मग तबकड्या, मग डबाच. कॅम्बेल पिन काढण्यापर्यंत आणि शाईच्या आकृतीपर्यंत पोचला होता. तो थांबला त्या जागेपासून पुढे, एकेक भाग काढत आणि दर वेळी नवी वीस पाकिटे घेत, यश नेमके कुठे संपते ते लिहून ठेवायचे.